दोरीतली पऱ्हाटी

पोळा फुटला आणि पाऊस गेला तो गेलाच. त्याच्या आठ दिवस आधी तलाठी नीलेश सावरझरीत येऊन महादेवराव महाकाळकरांच्या वावरात चार खुंट्या ठोकून गेला होता. खुंट्यांना पांढरी दोरी. दोरीच्या आत जेवढी पऱ्हाटी आली तेवढी सरकारची. म्हणजे तिचा कापूस सरकारसमोर वेचायचा, सरकारसमोर तोलायचा, आणि त्या तोलावरून साऱ्या गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरवायचं. याला पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या खाली पीक आलं की सरकार कबूल करतं, यंदा दुष्काळ आहे. मग शेतसारा माफ, विहिरीवरच्या मोटारीच्या वीजबिलात सूट, कॉलेजातल्या पोरापोरींची परीक्षेची फी माफ. पन्नासच्या वर गेलं की काहीच नाही. माणसाच्या घरात काय शिजतं ते सरकार पाहत नाही, दोरीच्या आत काय फुटलं ते पाहतं.

खुंट्या ठोकून झाल्यावर नीलेशनं आनंदाबाईच्या हातचा चहा घेतला आणि जाता जाता सांगितलं की यंदा वेचणीच्या दिवशी तपासणीला खुद्द साहेब येणार आहेत. कोण साहेब हे त्याला सांगावं लागलं नाही.

साहेब म्हणजे धनंजय. महादेवरावांचा धाकटा भाऊ, नागपूरला मोठ्या हुद्द्यावर, पाच-सहा जिल्ह्यांचे अधिकारी ज्याच्या समोर उभे राहतात असा. आनंदाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती सोळाची होती आणि धनंजय आठ वर्षांचा, शेंबडा, नुकती माय गेलेला. पहिल्या रात्रीपासून तो तिच्या पाठीशी झोपला. पुढे तो वर्ध्याला शिकायला गेला, तर ही पहाटे उठून डबा भरायची आणि अल्लीपुरावरून जाणाऱ्या पहिल्या यष्टीत कंडक्टरच्या हाती द्यायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत यायचा. त्यात चिठ्ठी असायची. वैनी, चटणी जास्त घालजो. वैनी, पेपर बरा गेला. आनंदाबाई दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षरं विसरून गेलेली. त्या चिठ्ठ्या दुसऱ्याकडून वाचून घ्यायची तिला लाज वाटली, म्हणून ती चुलीपुढे बसून एकेक अक्षर लावत वाचायला शिकली. तिचं सगळं शिक्षण त्या डब्यातून आलं.

चोविसाव्या वर्षी तो नायब तहसीलदार झाला. पहिली नेमणूक गडचिरोलीकडे, जिकडे कोणी जायला तयार नव्हतं. मग तहसीलदार. वाळूचे ट्रक धरले म्हणून आठ महिन्यांत बदली. मग प्रांत. एका पुढाऱ्याच्या भावाची जमीन कागदावर सरळ करून द्यायला नकार दिला, पुन्हा बदली. चौतीस वर्षांत एकवीस बदल्या. बायको सुरभी म्हणायची की माझ्या घरातली खोकी कधी पूर्ण उघडलीच नाहीत. शेवटी बोरगाव मेघेला एक घर बांधलं, तेही कर्ज काढून, इतरांसारखं पहिल्या पाच वर्षांत नाही. दर दिवाळीला तो गावी आला की एकदा तरी म्हणायचा, "वैनी, माझ्या नावावर चौकशीचा एक कागद नाही." हे म्हणताना त्याचा चेहरा डब्यातल्या चिठ्ठीत पेपर बरा गेला लिहिणाऱ्या पोराचा व्हायचा.

या सरळपणाची किंमत त्यानं एकट्यानं दिली असं नाही. आनंदाबाईचा मुलगा चंदन शिपायाच्या जागेसाठी काकाकडे गेला होता. काकानं सांगितलं, परीक्षा दे, माझं नाव कुठं सांगू नको. चंदन आता देवळीला हार्डवेअरच्या दुकानात माल उतरवतो आणि काकाचं नाव खरंच कुठं सांगत नाही. आनंदाबाईनं मुलाची बाजू घेतली नाही. ती गावात ताठ मानेनं सांगायची, आमचा धनू नियमाचा आहे.

तर तो धनू, नोव्हेंबरअखेर निवृत्त होणारा, शेवटच्या तपासणीला स्वतःच्या घरच्या वावरात येणार होता.

भादव्यात पऱ्हाटी लाल पडायला लागली. पानं वाळली, पात्या गळाल्या, बोंडं सुपारीएवढी होऊन थांबली. काळ्या जमिनीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या. महादेवराव वावराच्या काठच्या धुऱ्यावर बसून तंबाखू मळत दोरीकडे पाहत राहायचे. एके दिवशी ते म्हणाले, "साहेबाच्या घरचं वावर, अन् लाल पडलेलं? संग धा अधिकारी राह्यतीन. त्याची मान खाली जाईन."

आनंदाबाईच्या मनात तेच होतं. फक्त ती बोलली नव्हती.

विहिरीत दिवसाचं दोन तासांचं पाणी. चार एकराला ते थुंकण्याइतकंही पुरलं नसतं. त्या दोघांनी ठरवलं की ते सगळं पाणी दोरीला आणि दोरीच्या बाजूच्या चार तासांना, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळींना, द्यायचं. सत्तर वर्षांचा म्हातारा आणि सहासष्टची म्हातारी तुषारचे पाइप खांद्यावर घेऊन वावरात फिरायला लागले. वीज ज्या आठवड्यात दिवसा असायची त्या आठवड्यात दिवसा, नाहीतर पहाटे. पाइप कमी पडले तर शेजारच्या वावरातल्या रुख्मिणीच्या नवऱ्यानं, हिरालालनं, आपले आणून दिले. त्याच्या विहिरीत तर गाळच उरला होता. सरपंच एकदा येऊन पाहून गेले. म्हणाले, बरं केलं, गावाची इज्जत आहे. वावराकडे येणाऱ्या पांदणीतली झुडपं तोडायला चार माणसं स्वतःहून आली. आपल्या गावचा साहेब येतोय म्हणून गाव कामाला लागलं, आणि ज्या चौकोनावरून आपली उपासमार मोजली जाणार आहे तोच चौकोन आपण हिरवा करतो आहोत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकाच्याही नाही. नंतर सगळ्यांना आलं, तो भाग वेगळा.

स्वतःच्या चार एकराची लाकडं होऊ दिली त्या दोघांनी, आणि दोरीतलं जगवलं. आनंदाबाईच्या उजव्या खांद्याला पाइपाचा घट्टा पडला. दोरीत बोंडं मुठीएवढी झाली, फुटली, आणि पांढरा कापूस असा लोंबायला लागला की लग्नाच्या घरासारखा तेवढाच तुकडा उजळ दिसायचा.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी दोन गाड्या आल्या. आदल्या दिवशी दुपारी वीज होती, म्हणून महादेवरावांनी जाता जाता एक शेवटचं पाणी फिरवलं होतं. गरज नव्हती. पण सवय झाली होती आणि मन भरत नव्हतं.

धनंजय गाडीतून उतरला. पांढरा सदरा, काळे चकचकीत बूट, हातात काही नाही. त्याच्या पायाला हात लावायला सरपंच वाकले, त्यानं त्यांचे खांदे धरले. भावाला नमस्कार केला. आनंदाबाईकडे पाहून फक्त मान हलवली, कारण सोबत लोक होते. ती म्हणाली, "या साहेब." हे शब्द तिच्या तोंडात नेहमी गोड लागायचे.

आनंदाबाई आणि रुख्मिणी दोघी कापसासाठी कमरेला ओटी बांधून दोरीत शिरल्या. रुख्मिणी पंचेचाळिशीची, हाताची चपळ, तोंडाची त्याहून. तिची पोरगी काजल हिंगणघाटला कॉलेजात होती. साहेब दोरीच्या काठाशी उभे होते. नीलेशनं त्यांना आत यायला सांगितलं, म्हणजे फोटो नीट येईल. त्यांनी पाऊल टाकलं आणि उजवा बूट फसला. टाचेपर्यंत. काढला तेव्हा चप् असा आवाज आला आणि बुटाला काळ्या चिखलाचा गोळा लागून वर आला.

आनंदाबाईनं ते वाकल्या वाकल्या पाहिलं.

धनंजयनं बुटाकडे पाहिलं. मग मान वर करून धुऱ्यापलीकडे पाहिलं, जिथं हिरालालची पऱ्हाटी उभ्या काड्यांसारखी होती आणि जमीन फाटलेली होती. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. आठ वर्षांचा असताना साखर चोरून तोंड पुसून आला की तो असाच पाहायचा. फक्त या वेळी साखर कुणी चोरली ते सांगता येत नव्हतं.

"वजन घ्या," तो नीलेशला म्हणाला.

तागडीच्या काट्याला गाठोडं लटकलं. नीलेशनं आकडा मोठ्यानं वाचला. कुणीतरी पहिल्या वेचणीला एवढा माल म्हणून टाळ्याही वाजवल्या. महादेवरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, आणि खाली तारीख टाकली.

जेवायला सगळे घरी आले. बूट दारात निघाले. पुरुष माणसं आत बसली आणि रुख्मिणी चुलीपुढे पोळ्या लाटत होती तेव्हा आनंदाबाईनं ते बूट मोरीवर नेले. नारळाच्या शेंडीनं घासले. काळं पाणी वाहत राहिलं. इतकं वाहिलं की मोरीच्या दगडावर चिखलाची रांग बसली. तिनं मान वर केली तर धनंजय हात धुवायला आला होता आणि उभा होता.

"वैनी, राहू द्या."

"गाडी खराब होईन तुही."

तो हात न धुताच आत गेला. तव्यावर पोळी फिरवता फिरवता रुख्मिणीनं हे सगळं पाहिलं, आणि पोळी थोडी जळाली.

ऑक्टोबर संपता संपता आकडे लागले. आजूबाजूची सगळी गावं चव्वेचाळीस, सेहेचाळीस. सावरझरी छप्पन्न. खरं तर एका चौकोनावर गाव ठरत नसतं. गावात असे आणखी पाच चौकोन होते आणि त्यांतला कापूस तोलायलाही लाज वाटावी असा होता. पण नीलेशनं हिरालालला तहसीलच्या पायरीवर जे सांगितलं ते खरं होतं. ज्या आकड्यावर एवढ्या मोठ्या साहेबाची सही आहे त्याच्या शेजारी निम्मा आकडा लिहायची हिंमत खालच्या माणसात नसते. साहेब खोटे कसे म्हणायचे? मग बाकीचे पाच आकडे त्या एकाच्या मापानं शिवले गेले. कुणी हुकूम दिला नाही. हुकूम लागतच नाही.

आधी पिठाच्या गिरणीवर बोलणं बंद झालं. आनंदाबाई डबा घेऊन गेली की बाया आपापल्या दळणाकडे पाहायच्या. हापशीवर तिच्या घागरीला कुणी हात लावेना. महादेवराव पारावर जाऊन बसले तर दोन माणसं उठून विडी आणायला गेली आणि परत आली नाहीत. मग वेचणीच्या दिवसांत, दोरीबाहेरचा जो काही कवडीकवडी कापूस फुटला होता तो वेचायला, एकही बाई आली नाही. दरवर्षी अकरा बाया यायच्या. आनंदाबाई घरोघर फिरली. एकीची कंबर धरली होती, एकीला पाहुणे येणार होते. खोटं बोलायला निदान त्या दारात तरी आल्या.

रुख्मिणी खोटं बोलली नाही. तिनं अंगणात सूप पाखडता पाखडता सांगितलं की काजलचा फीमाफीचा अर्ज कॉलेजनं परत दिला, तुमचं गाव यादीत नाही म्हणून. आता डिसेंबरात परीक्षा आहे.

"आमचेच पाइप होते, काकू. तुमाले काय म्हनू," ती म्हणाली. "पन तुमच्या साहेबाले दिसलं नाई काय? सारं गाव म्हनते साहेब बिचारा साधा, घरच्याईनं फसवला. मी काई म्हनत नाई. म्या फक्त पोया केल्या त्या दिवशी."

आनंदाबाई घरी आली, ओटी बांधली आणि एकटी वावरात गेली.

वाळलेल्या बोंडाची नखी बोटात शिरते. वेचणाऱ्या बाईची बोटं आठ दिवसांत चिरली जातात, पण सोबत अकरा जणी असल्या, कुणी कुणाच्या सुनेचं काढत असलं, की ते कळत नाही. एकटीला एकेक नखी कळते. ओटी भरत नव्हती. दिवसभर वाकून संध्याकाळी जे गाठोडं व्हायचं ते पोराच्या उशीएवढं असायचं. महादेवराव मदतीला आले तर त्यांच्यानं वाकवेना. ते तासात बसूनच सरकत सरकत वेचायचे आणि मधेच थांबून दोरीच्या जागेकडे पाहायचे. खुंट्या तशाच होत्या. तिथे दुसऱ्या वेचणीचा कापूस भरघोस फुटला होता. त्याला दोघांपैकी कुणी हात लावला नाही.

मग गावानं अर्ज केला. त्रेपन्न सह्या आणि अंगठे. पीककापणी प्रयोगाच्या, म्हणजे दोरीतल्या, क्षेत्राला पाणी दिलं होतं, आकडा खोटा आहे, चौकशी करा. अर्जात हिरालालची सही होती, सरपंचांचीही होती. महादेवरावांना तहसीलला बोलावलं. सकाळच्या यष्टीनं गेले, बाकावर चार तास बसवून ठेवलं. ज्या कचेरीत कोणे एके काळी भावाचं नाव सांगितलं की खुर्ची यायची तिथं त्यांना पाण्याची टाकी कुठं आहे तेही कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आले, सही करून आलो म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. कशावर सही केली ते बायकोनं तीनदा विचारलं. ते म्हणाले, "धनूनं पाठोलेला कागद होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी धनंजय स्वतः आला. एकच गाडी, सोबत कुणी नाही. ड्रायव्हरला त्यानं पाराजवळ थांबवलं. आनंदाबाई वावरातून नुकती येऊन पाय धूत होती. त्यानं बूट दारात काढले. आज ते कोरडे होते, धुळीनं भुरे झालेले. पंधरा दिवसांत निवृत्त होणारा माणूस दिसतो तसाच तो दिसत होता, म्हणजे सगळं नीट असून कुठेतरी सैल झालेला. त्यानं बाजेवर पडलेल्या भावाकडे, दादांकडे, एकदा पाहिलं. दादा उठले नाहीत.

पिशवीतून त्यानं टाइप केलेला कागद काढला.

"वैनी, हा तुमचा जबाब. दादाचा झाला. तुमची सही झाली की हा प्रयोग रद्द होतो. बाजूच्या वावरात नव्यानं करतील. सावरझरी पन्नासच्या खाली येईल, शेवटची यादी डिसेंबरअखेर लागते, तोवर सगळं होईल. काजलची फी पण माफ होईल, भरली असेल तर परत मिळेल. मी माहिती घेतली आहे."

तो पुस्तकी भाषेत बोलत होता. घरात तो तसा कधी बोलत नसे.

आनंदाबाईनं हात पदराला पुसले आणि कागद घेतला. चुलीपुढे बसायची तशी खाली बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. त्याला वाटलं ती नुसती पाहते आहे. म्हणाला, मी वाचून दाखवतो. ती म्हणाली, नको. तो बाजेच्या काठावर, भावाच्या पायाशी बसून राहिला. बराच वेळ गेला. तिचं बोट एका ओळीवर थांबलं, पुढे गेलं, परत त्याच ओळीवर आलं.

कागदात लिहिलं होतं की मी व माझे पती यांनी अधिकारी महोदयांच्या माघारी, त्यांना कोणतीही कल्पना न देता, सदर क्षेत्रास पाणी दिले. तपासणीचे वेळी जमीन कोरडी होती.

"जमीन कोरडी होती," ती मोठ्यानं म्हणाली.



"अन् मंग म्या मोरीवर धुतलं ते काय होतं, धनू?"

"वैनी, त्यानं काय फरक पडतो? पाणी तुम्ही दिलं हे तर खरं आहे."

"खरं हाये. ते मी कबूल करतो. पाइप म्या वायले, या खांद्यावर. दंड करा, जेलात टाका. पन जमीन कोरडी नोती. तुहा पाय फसला. तू पाह्यलं, म्या पाह्यलं, रुख्मिणीनं पाह्यलं."

त्यानं डोळे मिटले. मग हळूहळू, ऑफिसात कुणाला समजावून सांगावं तसं सांगितलं. मला माहीत होतं असं लिहिलं तर खातेनिहाय चौकशी लागेल. निवृत्तीच्या तोंडावर लागलेली चौकशी पाच-पाच वर्षं चालते. तोवर पेन्शन अर्धीमुर्धी, बाकी सगळं अडकलेलं. घराचं कर्ज आहे. आणि एवढ्या वर्षांची नोकरी, जिच्यावर एक डाग नाही, तिचा शेवट असा. तुम्ही सही केली तर कुणाचंच नुकसान नाही. गावाला मिळेल ते मिळेल. तुम्हाला कुणी काही करणार नाही, मी पाहतो.

यात खोटं काही नव्हतं. हिशेबानं पाहिलं तर त्या कागदात सगळ्यांचं भलं होतं. आनंदाबाईलाही ते कळत होतं. ती अडाणी नव्हती. तिनं काजलचा विचार केला, हापशीवरच्या बायांचा केला. हात पुढे करून पेन घ्यावं एवढंच काम होतं.

"चंदनले तू नोकरी लावली नाई," ती म्हणाली. "तो रडत आला तुह्या घरून. म्या तुले एका शब्दानं विचारलं काय? नाई विचारलं. उलट गावात सांगत फिरलो, आमचा धनू नियमाचा हाये. माह्या पोराच्या पोटावर पाय ठेवून मी तुही इज्जत वाढोली. आता ह्या कागदावर सही केली तर मंग ते सारं कायले केलं? तुहा कागद कोरा राह्यला पाह्यजे म्हनून चिखल माह्या एकटीच्या हाताले लावतं?"

"त्या दिवशी मी सही का केली ते तुम्हाला माहीत नाही," तो एकदम म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला आणि भाषाही बदलली. "दादा तिथं उभा होता, वैनी. दीड महिना पानी ओढलं त्यानं, माह्यासाठी. डोये पुसून राह्यला होता. धा लोकाईत त्याले कसा म्हनू, दादा, हे तू काय केलं? प्रयोग रद्द करा असं कसं म्हनू? तोंडातून निंगलं नाई. चौतीस वर्सांत कोनाले नाई म्हनाले कचरलो नाई, मंत्र्याले नाई म्हटलं. दादाले नाई म्हनता आलं नाई."

बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या महादेवरावांची पाठ हलली, पण ते वळले नाहीत.

म्हणजे असं झालं होतं. म्हाताऱ्यांनी साहेबाची मान राखली, साहेबानं म्हाताऱ्याची राखली, तलाठ्यानं साहेबाची, तहसीलदारानं त्या सहीची. सगळ्यांनी एकमेकांची मान इतकी जपली की मधल्या मधे एका गावाचा दुष्काळ नाहीसा झाला.

आनंदाबाईनं कागदाची घडी घातली आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"तर तेच लिही," ती म्हणाली. "नवा कागद घे. मी सांगतो, तू लिही. तुहं अक्षर मले वाचता येते."

पाराकडून ड्रायव्हरनं गाडी सुरू केल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं बंद केल्याचा. बाहेर हापशी कुणीतरी खालीवर करत होतं. धनंजय कागदाकडे पाहत बसला. तिनं घाई केली नाही. चुलीत काड्या सरकवल्या, परातीत पीठ घेतलं. मग त्यानं खिशातून पेन काढलं.

ती पीठ मळता मळता सांगत गेली आणि तो लिहीत गेला. केव्हापासून पाणी दिलं. कितीदा. पाइप कुणाचे. हिरालालचं नाव घालायचं का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, नको, पाइप मी मागितले होते. आदल्या दिवशी दुपारी शेवटचं पाणी दिलं. साहेब आले. आत शिरले. इथे त्याचं पेन थांबलं. तिच्या हातातलं पीठही थांबलं. मग पेन पुढे गेलं.

लिहून झाल्यावर तिनं पिठाचे हात झटकले आणि कागद घेतला. बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं, पांढरा ठसा ठेवत. एका जागी ती अडली.

"पा...द...त्रा...हे काय लिवलं?"

"पादत्राणे. ओलसर झाल्याचे आढळले."

"जोडे लिही. चिखलाचे जोडे म्या मोरीवर धुतले, अन् साहेब पाहत होते. असं लिही."

त्यानं ती ओळ खोडली. वर लिहिलं. तिनं पुन्हा वाचलं, मान हलवली आणि खाली आपलं नाव काढलं, मोठमोठ्या अक्षरांत, डब्यातल्या चिठ्ठीवर तो तिचं नाव लिहायचा तसं. कागद परत त्याच्याकडे आला. त्यानं तिच्या सहीखाली लिहिलं की वरील मजकूर खरा असून जमीन ओली असल्याचे मी त्या वेळी पाहिले होते. सही केली. सहीखाली आपला हुद्दा पूर्ण लिहिला, एकही अक्षर न गाळता, आणि तारीख टाकली.

बाजेवर महादेवराव उठून बसले होते. त्यांनी भावाकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

धनंजयनं कागद पिशवीत ठेवला आणि उठला. दाराकडे जाऊन एक बूट पायात घातला.

"कुठं चालला?" आनंदाबाई म्हणाली. तव्यावर पहिली भाकर पडली होती. "जेवून जाजो."

त्यानं तो बूट पुन्हा काढला, दुसऱ्याशेजारी ठेवला, आणि चुलीजवळ येऊन खाली बसला.